वाघानं नेलेली जयवंता

कोराडीच्या कॉलनीतल्या जयवंता खोब्रागडेला वाघानं नेलं, ही बातमी नागपूरभर फिरत होती. त्याच सकाळी जयवंता नागपूरच्या वेशीवरच्या वाडी गावात एका भाड्याच्या खोलीत चुलीपाशी बसून, शेंगदाण्याची चटणी लावून गरम भाकर खात होती. घरच्या बाईनं विचारलं, "अजून देऊ का?" तेव्हा ती लाजून "अर्धी द्या" म्हणाली आणि मग पूर्ण खाल्ली.

झालं होतं ते असं.

एकोणऐंशी सालचा डिसेंबर होता. जयवंता सहावीत होती. वडील महादेवराव वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर फिटर होते. आई कौसल्या घरी मशीनवर कॉलनीतल्या बायकांची पोलकी शिवून द्यायची. नाताळच्या सुट्टीत शाळेनं गाइडच्या मुलींचं शिबिर काढलं, देवलापारच्या पुढे, जंगलातल्या एका तलावाकाठी. बरोबर चारुलताबाई होत्या. त्या शाळेत नुकत्याच लागलेल्या, भूगोल शिकवायच्या आणि जंगल पहिल्यांदाच बघत होत्या.

पहिल्या रात्री तंबूत कोणी झोपलं नाही. एक तर थंडी, दुसरं म्हणजे वाघाच्या गोष्टी. प्रत्येक मुलीच्या कोणत्या ना कोणत्या मामानं वाघ बघितला होता. जयवंताच्या नत्थूमामानं नव्हता बघितला. तो गांधीबागेत कापडाच्या दुकानी गाठी उचलायचा, तिथे वाघ येत नसत. तरी तिनं बघितला म्हणून सांगितलं, आणि सांगता सांगता स्वतःच इतकी घाबरली की उजाडेपर्यंत डोळे उघडे ठेवून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर लपाछपीचा, म्हणजे नागपूरकडच्या भाषेत रेसटीपचा, डाव मांडला. त्यात धप्पा देताना "टीप" म्हणतात. चारुलताबाईंनी तंबूंभोवती चुन्याची रेष मारली होती आणि त्या रेषेबाहेर लपायला बंदी होती. झाडं बारीक, तंबू उघडे. लपायला जागाच नव्हती. तेवढ्यात कच्च्या रस्त्यावर एक ट्रक येऊन थांबला. इंजिनातून वाफ निघत होती. ड्रायव्हर डबा घेऊन तलावाकडे पाणी आणायला गेला. ट्रकवर तणस भरलेलं होतं, धानाचं वाळलेलं गवत. संत्र्यांच्या पेट्यांत घालायला ते वाडीच्या गोदामात चाललं होतं. ट्रकची मागची चाकं चुन्याच्या रेषेच्या आत होती, असं जयवंता पुढे कित्येक वर्षं ठासून सांगत असे.

दोरी धरून ती वर चढली, तणस उकरून आत शिरली आणि वर ओढून घेतलं. आत ऊब होती. धानाचा वास येत होता. खाली शोधणारी मुलगी मोठ्यानं आकडे म्हणत होती. ते आकडे संपायच्या आत जयवंताला झोप लागली. ड्रायव्हरनं पाणी भरलं, इंजिन चालू केलं आणि तो निघाला. आपण नागपूरला सवारी घेऊन चाललो आहोत, हे त्याला माहीत नव्हतं.

इकडे डाव संपला तरी जयवंता बाहेर येईना. आधी मुली चिडल्या. मग ओरडल्या. मग चारुलताबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. झुडपांत जयवंताची लाल रिबन मिळाली. ती सकाळीच अडकून निघाली होती, पण तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं. एका मुलीला आठवलं की तिनं गुरगुर ऐकली होती. दुसरीला आठवलं की दाढीवाला साधू तलावापलीकडे उभा होता. तिसरीनं साधूच्या हातात पोतं दिलं. ट्रक आला होता आणि गेला होता, हे साऱ्यांनीच पाहिलं होतं. पण ट्रक काय, रोजच येतात-जातात. ते सांगण्यासारखं कोणाला वाटलं नाही.

फॉरेस्ट गार्ड आला. त्यानं तलावाच्या चिखलात एक पंजा शोधला आणि म्हणाला, "हा जुना हाय." पण तेव्हा "पंजा" एवढाच शब्द सगळ्यांनी ऐकला. तो सायकलवरून देवलापारला गेला, तिथून पोलिसांनी फोन केले, आणि रात्री कोराडीत खोब्रागड्यांच्या दारावर थाप पडली. महादेवरावांनी खाकी कोट चढवला. वीज केंद्राच्या जीपमध्ये बसून, वाटेत गांधीबागेच्या मागे राहणाऱ्या नत्थूला उठवून, दोघंही जंगलाकडे गेले.

आणि जयवंता?

दिवेलागणीला वाडीच्या गोदामाच्या आवारात ड्रायव्हर ट्रकवर चढला. धोंडबा त्याचं नाव. उंच, मिशावाला आणि स्वभावानं भित्रा माणूस. दोरी सोडायला तो वाकला आणि तणसातून एक हात वर आला. हातानं त्याच्या डोक्यावर टपली मारली.

"टीप!" हात म्हणाला.

धोंडबा ट्रकवरून खाली पडला. नशीब, खाली तणसाचाच ढीग होता.

वरून केसांत गवत अडकलेली एक पोरगी डोकावली. तिनं गोदामं पाहिली, ओळीनं उभे ट्रक पाहिले, रस्त्यावरचे दिवे पाहिले. मग विचारलं, "काका, तलाव कुठी गेला?"

सगळं कळायला धोंडबाला थोडा वेळ लागला, आणि कळल्यावर तो तिथेच मटकन बसला. "तू कोराडीची. मी तुले देवलापारून आणली. अन् मले मालूमच नाही."

"मलेही नाही," जयवंता म्हणाली.

त्यानं तिला घरी नेलं. बायको बायजाबाई. त्यांची एक मुलगी होती, ती आजीकडे गावाला गेली होती. बायजाबाईनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. तिनं पाणी तापायला ठेवलं. जयवंताचा गणवेश धुवून वाळत टाकला, तिच्या केसांतलं तणस एकेक काडी करून वेचलं, तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या आणि आपल्या मुलीचा परकर-पोलका तिला दिला. परकर इतका लांब होता की तो छातीशी धरून चालावं लागे.

"सकाळी उठल्याबरोबर पोलिसाइले फोन करतो," धोंडबा म्हणाला. "ते येतीन अन् घेऊन जातीन."

पण सकाळी तो जकात नाक्यावरच्या चहाच्या टपरीत फोन करायला गेला, तर तिथे आधीच जयवंता चालू होती. देवलापारवरून येणाऱ्या पहिल्या बसनं बातमी आणली होती, आणि प्रत्येक थांब्यावर तिला थोडं थोडं बाळसं चढलं होतं.

"वाघानं नेली. फ्रॉक भेटला म्हणे झाडावर."

"वाघ झाडावर फ्रॉक ठेवते का गा? बिबट असन."

"तुम्ही दोघंही गप बसा," तिसरा म्हणाला. "ट्रकवाल्यानं नेली. पोट्टे चोरणारी गँग हाय. एका पोट्टीले आत्ता आठवलं, तिथी ट्रक उभा होता म्हणे. ड्रायव्हरच्या मोठ्या मिशा होत्या."

धोंडबानं फोन खाली ठेवला.

"मनसरले सारे ट्रक अडवून राहिले," तो माणूस सांगत होता. "पोलिसाच्या हाती लागला तं ठीक. पब्लिकच्या हाती लागला तं मिशा राहत नाही."

धोंडबा हातानं मिशा झाकत घरी आला. पोरीसमोर बोलायचं नाही म्हणून त्यानं बायकोला दाराबाहेर बोलावलं. पण खोली एवढीशी होती की दाराबाहेरचं सगळं चुलीपाशी ऐकू येई.

"अवं, मी फोन केला असता तं पहिला सवाल हाच, पोरगी तुमच्याकडं कशी आली? अन् मी म्हणणार, तीच चढली. कोण मानते?"

"मंग काय, पोरीले इथीच ठेवता?"

"नाही गे बाप्पा! मीच नेतो. ट्रक काढतो अन्—"

"ट्रक!" बायजाबाई म्हणाली. "तुमचं डोकं ठिकाणावर हाय ना? तुम्ही घरात बसा. बाहेर तोंड दाखवू नका. पोरीले मी नेते."

जयवंतानं आतून सुचवलं की गांधीबागेत आपला नत्थूमामा आहे. त्याच्याकडे सोडलं तरी चालेल, मामा पुढे नेईल. बायजाबाईला ते पटलं. मामाच्या हाती पोरगी द्यायची आणि कोणी काही विचारायच्या आत परत फिरायचं. ओला गणवेश पिशवीत घालून दोघी बसमध्ये बसल्या.

गांधीबागेत सकाळची गर्दी होती. हातगाड्यांवर गाठी चढत-उतरत होत्या. नत्थूच्या दुकानात गादीवर एक जाडसर दलाल लोडाला टेकून बसला होता आणि समोर चार-पाच गिऱ्हाईकं कापड सोडून त्याचं तोंड बघत बसली होती.

"नत्थू हाय का जी?" बायजाबाईनं विचारलं.

"नत्थू?" दलालानं सुस्कारा सोडला. "तुम्हाले मालूम नाही? त्याच्या भाचीले वाघानं नेलं ना! बिचारा रात्रीच गेला जंगलात."

बायजाबाईनं जयवंताचा हात दाबला. जयवंताला मात्र आपल्याबद्दल ऐकायचं होतं. आजवर तिच्याबद्दल कोणी गादीवर बसून बोललं नव्हतं.

"कशी होती ती?" तिनं विचारलं.

"काय सांगू बेटा! गोरीपान. उंच. कमरेपर्यंत वेणी. शाळेत पहिला नंबर."

जयवंता सावळी होती, वर्गात बुटक्यांच्या रांगेत उभी राहायची आणि गणितात दर परीक्षेला काठावरून सुटायची. "पहिला नंबर?" तिनं पुन्हा विचारून घेतलं.

"मंग! वाघ तं अशीच पोरं नेते."

"वाघबिघ काही नाही," एक गिऱ्हाईक म्हणालं. "सर्कशीचं काम हाय. त्याइले झुल्यावर लटकवायले हलक्या पोरी लागते. दोन वर्षांनी ह्याच शहरात येईन अन् आपण तिकीट काढून पाहू. ओळखूही येणार नाही."

"अन् तो रक्तानं माखलेला फ्रॉक?"

"तो कोंबडीच्या रक्तानं माखवला. सर्कसवाले लय पोहोचलेले राहते."

जयवंताला सर्कस आवडली. झुल्यावर उलटी लटकलेली स्वतःच तिला दिसूसुद्धा लागली. "पण ती पळून का नाही आली?" तिनं विचारलं.

दलालानं तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. "पहा, एवढीशी पोट्टी पण किती विचार करून राहिली." त्यानं शेजारच्या गाडीवरचा पेरू तिच्या हाती ठेवला. "घे. अन् बाईचा हात सोडू नको. दिवस चांगले नाहीत."

म्हणजे मामा नव्हता. आता बायजाबाईलाच कोराडीपर्यंत जाणं भाग होतं. बसथांब्यावर तिनं पदराच्या गाठीतले पैसे मोजले. मग पदर खोचून म्हणाली, "चाल वं."

कोराडीच्या बसमध्ये जागा मिळाली ती मागे, इंजिनाच्या तेलाच्या डब्यापाशी. बस भरलेली होती आणि सगळी बस एकच विषय बोलत होती. कॉलनीजवळ जावं तशी माहिती अधिक पक्की होत होती. एकाच्या साळ्यानं तो ट्रक स्वतः पाहिला होता. ट्रक लाल होता. नाही, हिरवा. ड्रायव्हरचा एक डोळा दगडी होता. एका बाईनं टोपली मांडीवर घेऊन सांगितलं की ह्या गँगमध्ये बाया पण असतात. त्या पोरींना नवे कपडे घालतात, तेल लावून वेण्या घालतात, म्हणजे कोणी ओळखू नये.

बायजाबाईनं गणवेशाची पिशवी पायांमागे सारली. जयवंतानं आपल्या वेण्या हळूच परकराच्या ओच्यात लपवल्या. तिला हसू फुटायच्या बेतात होतं; ते दाबायला तिनं पेरूचा मोठा तुकडा तोडला.

"अन् तिची माय?" कोणीतरी विचारलं.

"तिचं काय विचारता. रात्रीपासून पाण्याचा घोट घेतला नाही म्हणे. नुसती दाराकडं पाहून बसली हाय. बाप जंगलात हाका मारत फिरून राहिला. त्याचा आवाजच गेला."

जयवंताच्या तोंडातला पेरू तोंडातच राहिला. सकाळपासून वाघ होता, साधू होता, सर्कस होती, मिशावाला होता; आई नव्हती. आई कुठे बसली असेल ते तिला नेमकं दिसलं. मशीनशेजारच्या स्टुलावर, एक पाय मशीनच्या पायडलवर ठेवून.

"येऊन राहिली ती," ती मोठ्यानं म्हणाली.

सगळी बस वळली. "कोण?"

"ती पोरगी. ती येऊन राहिली आहे."

"तुले काय मालूम?" टोपलीवाल्या बाईनं विचारलं.

जयवंतानं बायजाबाईच्या खांद्यात तोंड घातलं आणि रडायला लागली. "सोडा ना आता," बायजाबाई बाकीच्यांना म्हणाली. "लेकरासमोर असं बोलते का कोणी?" आणि मग खरोखरच, वीज केंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसू लागेपर्यंत, बसमध्ये कोणी त्याबद्दल बोललं नाही. बोललं असेल तर कुजबुजत.

खोब्रागड्यांच्या क्वार्टरसमोर जत्रा भरली होती. बाहेर खुर्चीवर शेजारचे गणपतराव बसले होते. ते वजनकाट्यावर क्लार्क होते, आणि आज रजा टाकून त्यांनी आल्या-गेल्याला माहिती द्यायचं काम अंगावर घेतलं होतं. मांडीवर वर्तमानपत्र होतं. त्यात जयवंताबद्दल काहीच आलं नव्हतं. पण हातात पेपर असला की बोलण्याला वजन येतं.

"काका, मले आत जायचं आहे," जयवंता म्हणाली.

"सगळ्यांलेच जायचं हाय," गणपतरावांनी मान न वळवता सांगितलं. "लाइनीनं या. अन् लहान पोरं मागं."

"पण काका, मी—"

"एकदा सांगितलं ना? इथी मोठ्या माणसाइचं काम सुरू हाय. तर मी काय सांगत होतो, वाघ जेव्हा माणूस नेते तेव्हा तो वाऱ्याच्या विरुद्ध—"

आत कौसल्या खरंच मशीनशेजारच्या स्टुलावर बसली होती. भोवती बाया होत्या. "रडून घे वं," त्या म्हणत होत्या, "मन मोकळं होते." कौसल्या रडत नव्हती. रात्रीपासून ती एकच सांगत होती: माझ्या पोरीला वाघ नेणार नाही, ती वाघाला इतके प्रश्न विचारील की तोच पळून जाईल. बाया एकमेकींकडे पाहत होत्या. धक्का बसला की असंच होतं, त्यांचं मत होतं.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "काका, हे माझंच घर आहे, मी लाइनीत काहून उभी राहू?"

कौसल्या उठली. बायांना बाजूला सारत, कोणाचा तरी पाय तुडवत ती दारात आली. समोर छातीशी परकर धरलेली, तेलानं चप्प वेण्यांची, डोळे सुजलेली मुलगी उभी होती. कौसल्यानं आधी तिला एक सणसणीत थापड दिली. मग खाली बसून तिला इतकं घट्ट धरलं की जयवंताला श्वास घेता येईना, आणि तेव्हा कुठे कौसल्याला रडू आलं. मायलेकींचं रडणं ऐकून कॉलनीतल्या अर्ध्या बाया रडायला लागल्या. गणपतराव खुर्चीवरून उठले आणि तीच जयवंता आहे याची खात्री करायला त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

मग लोक भानावर आले आणि सगळ्यांनी एकदम विचारलं, "कुठी होती?"

बायजाबाई कुंपणापाशी उभी होती. ती पळू शकली असती. तिच्याकडे कोणी पाहतही नव्हतं. पण ती कुंपणाची तार धरून तिथेच थांबली. गर्दीत वीज केंद्राचे धट्टेकट्टे कामगार होते, आणि ट्रकची गोष्ट इथेही पोचलेलीच होती.

जयवंतानं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी झोपली होती."

"झोपली? कुठी?"

"गवतात."

एवढंच. ती पुढे काही बोलणार होती की नाही, कोण जाणे. बोलायची वेळच आली नाही.

"गवतात!" गणपतराव ओरडले. "मी काय म्हणत होतो? वाघ गवतातच ठेवते!"

"म्हणजे वाघानं नेलं होतं, पण खाल्लं नाही?"

"भूक नसन त्याले. झोपलेल्या माणसाले वाघ हुंगते अन् निघून जाते. माझ्या आज्यानं पाहिलं हाय."

"जवळून गेला का वं? काही आवाज आला?"

"घरघर आवाज आला थोडा," जयवंता म्हणाली. इंजिनाचा खरंच आला होता.

गर्दीतून एक सुस्कारा गेला.

"अन् ह्या बाई कोण?"

"ह्या मावशीनं मले घरी आणलं. बसनं. रात्री जेवू घातलं अन् कपडेही दिले."

हेही सगळं खरं होतं. लोकांनी बायजाबाईला जंगलाकाठच्या गावची ठरवलं, तिला खुर्ची दिली, म्हणजे गणपतरावांचीच दिली, आणि वाघ कितीदा येतो म्हणून विचारलं. बायजाबाई जन्मात जंगलात गेली नव्हती. "येत राहते," ती घाबरत म्हणाली. कौसल्यानं तिला हाताला धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं.

बंद दाराआड जयवंतानं आईला सगळं सांगितलं. चुन्याच्या रेषेपासून पेरूपर्यंत. कौसल्या ऐकत होती आणि मधेच बायजाबाईकडे बघत होती. ऐकून झाल्यावर तिनं चूल पेटवली. "बाई, तुम्ही जेवल्याशिवाय जायचं नाही," ती म्हणाली. "अन् मलेही आता भूक लागली." दोघी शेजारी बसून जेवल्या. जेवता जेवता बायजाबाईनं नवरा ट्रकवरून कसा पडला ते सांगितलं, तेव्हा कौसल्या इतकी हसली की बाहेरच्या लोकांनी मान हलवून म्हटलं, आता पाहा, आत्ता धक्का बसला.

महादेवराव नत्थूला घेऊन संध्याकाळी परत आले. वीज केंद्रातून देवलापारला फोन गेला होता आणि पोलिसांनी वाटेतच त्यांना गाठून सांगितलं होतं, तरी पोरगी डोळ्यांनी दिसेपर्यंत त्यांचा विश्वास नव्हता. काही बोलायला तोंड उघडलं तर नुसता वारा बाहेर आला; हाका मारून गळा बसला होता. त्यांच्यामागून चारुलताबाई आल्या. पायात एकच चप्पल, साडीला काटे. "माझीच चूक," त्या दारातूनच म्हणत होत्या, "मी राजीनामा देते, मुलींना घेऊन मी परत कधी—" जयवंतानं त्यांनाही तणसाची गोष्ट सांगितली. चारुलताबाई हळूहळू भिंतीला टेकून खाली बसल्या.

"मी तो ट्रक पाहिला होता," त्या म्हणाल्या. "मुलींना म्हणाले होते, गरम वाफ येतेय, तिकडे जाऊ नका."

"मागची चाकं आत होती, बाई," जयवंता म्हणाली.

राजीनाम्याची गरज पडली नाही. शाळेनं चौकशी केली तेव्हा महादेवराव आणि कौसल्या स्वतः मुख्याध्यापकांकडे गेले आणि आमची तक्रार नाही म्हणाले. मुख्याध्यापकांना खरं तर वाघाबद्दल विचारायचं होतं. देवलापारच्या पोलिसांनाही महादेवरावांनी खरं ते सांगितलं. तिथला हवालदार पोट धरून हसला आणि त्यानं ट्रक अडवणं बंद केलं. पण हसून त्यानं ते कोणाला सांगितलं असेल, तर नागपुरात तरी कोणी मानलं नाही. तिथे वाघच चालू राहिला. पुढचे काही दिवस कॉलनीत पाहुणे आले की त्यांना जयवंता दाखवायला आणत. काही जण तिला निरखून पाहत आणि आपसात म्हणत, ती तर गोरीपान होती म्हणे. खरी हीच कशावरून? त्यांना सर्कस जास्त पटलेली होती.

त्या रविवारी महादेवराव वाडीला गेले. कौसल्यानं शिवलेलं एक पोलकं आणि धुतलेला परकर बरोबर होता. थंडी होती म्हणून अंगात तोच खाकी कोट. गोदामांच्या गल्लीत त्यांनी जयवंतानं सांगितलेल्या खुणांवरून ट्रक ओळखला. चाकाशी बसलेला मिशावालाही ओळखला, जरी त्यानं त्या मिशा आता बारीक केल्या होत्या. ते त्याच्याकडे निघाले.

धोंडबानं खाकी कोट येताना पाहिला आणि तो पळत सुटला.

महादेवरावांना ओरडायचं होतं, "अहो भाऊ, थांबा!" पण गळा अजून सुटला नव्हता. मग त्यांनीही धूम ठोकली. पुढे धोंडबा, मागे खाकी कोटातला माणूस, काखेत पुडकं. गोदामांच्या दारांतून हमाल बाहेर आले.

"चोरीच्या सोन्याचं काम हाय," एक म्हणाला. "पुडकं पाहून घ्या."

"सोन्याचं कायचं? पोरीच्या सासरचा माणूस असन."

"पोरगी अजून लहान हाय त्याची."

"म्हणूनच तं मारायले आला!"

गल्ली एका भिंतीपाशी संपली. धोंडबानं वळून हात जोडले. "साहेब, मी नाही आणली. तीच चढली. आईची शपथ."

महादेवराव गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होते. थोड्या वेळानं घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द काढत ते बोलले. "साहेब नाही मी. तिचा बाप होय." धोंडबा भिंतीला अजूनच चिकटला. "रात्रभर जंगलात तिले आवाज देत होतो. ती तुमच्या घरी पोटभर जेवून झोपली होती. तेव्हा मालूम असतं, तं मीही झोपलो असतो."

आणि त्यांनी धोंडबाला मिठी मारली. धोंडबाला आधी वाटलं, पकडलं. मग खाकी कोटाला कोळशाचा वास आला आणि त्या माणसाचे खांदे हलताना जाणवले, तेव्हा त्यानंही हात वर केले आणि त्याच्या पाठीवर ठेवले.

दोघं खोलीवर आले तेव्हा मागे वीसेक माणसं होती. बायजाबाई दारात उभीच होती. "कोण हाय गं?" शेजारणीनं विचारलं. "काय झालं? पोलीस आले का?"

"माझा भाऊ हाय," बायजाबाई म्हणाली. "कोराडीवरून आला. चला, आपापल्या घरी जा आता."

तिनं दोघांना आत घेतलं आणि चहा टाकला. बायजाबाईला भाऊ नाही, हे साऱ्या वाडीला माहीत होतं. त्यामुळे लोक बराच वेळ दारासमोरून हलले नाहीत.